सावित्रीबाईंबद्दलच्या 'त्या' मेसेजविषयी खुलासा

जळगाव-धुळ्याकडच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'सावित्रीबाई फुले पुण्यात जन्मल्या. त्या फक्त शिकवायच्या, शाळेचा कारभार जोतिरावांचा.' दोन्ही चूक. जन्म सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा, १८३१ चा. आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तिच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. वय जेमतेम सतरा! वाटेत अंगावर शेण-चिखल फेकला जायचा, म्हणून दुसरं लुगडं सोबत न्यायच्या आणि ते बदलून वर्गावर उभ्या राहायच्या. १८९० मध्ये जोतिराव गेल्यावर सत्यशोधक समाजाची धुराही त्यांनीच वाहिली. १८९३ च्या सासवड अधिवेशनाच्या अध्यक्षा त्याच. ३ जानेवारीला अमळनेर-चोपड्याच्या शाळांत फळ्यावर माहिती लिहिणाऱ्या गुरुजी-बाईंनी कृपया एवढी दुरुस्ती कराच.