‘ऑल-सीझन टायर पुरतात’ या मेसेजला उत्तर

नोव्हेंबर लागला की कॅनडातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज दरवर्षी फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच राहतो. ऑल-सीझन म्हणजे बाराही महिन्यांचे टायर, विंटर टायर हा दुकानदारांचा धंदा. टोरोंटोच्या बाजूला रस्ते लगेच साफ होतात. एडब्ल्यूडी, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी गाडी असेल तर प्रश्नच नाही. फारच भीती वाटली तर पुढचे दोन बदला, बर्फात हवा थोडी कमी ठेवा. आणि शेवटी ठसक्यात: "आम्ही १० वर्षं असेच चालवतोय, काही झालं नाही."

यंदा या मेसेजखाली एका मुलाने लिहिलं होतं, "सप्टेंबरमध्ये वॉटर्लूला आलोय, जुनी सेडान घेतली आहे. मग मी टायर बदलत नाही. थँक्यू." त्याच्या खाली सहा-सात अंगठे. ते वाचून मला राहवलं नाही. मीही वॉटर्लूच्याच ऑन्टारिओ प्रांतात राहतो, बरेच हिवाळे गाडी चालवली आहे, त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

"ऑल-सीझन म्हणजे सगळ्या ऋतूंचे"

नावावरून असं वाटणं स्वाभाविक आहे. हे नाव अमेरिकेच्या बाजारात रुजलं, गुडइयरने १९७७ मध्ये टिएम्पो हा ऑल-सीझन टायर आणला तेव्हापासून. कल्पना अशी की उन्हात, पावसात आणि अधूनमधून पडणाऱ्या हलक्या बर्फात एकच टायर चालावा. तेवढं काम तो चोख करतो. पण ऑन्टारिओचा जानेवारी म्हणजे अधूनमधून पडणारा हलका बर्फ नव्हे.

टायरच्या कडेला एम आणि एस ही अक्षरं असतात, म्हणजे मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ. ती पाहून अनेकांची खात्री पटते. मात्र ती अक्षरं खाचांच्या रचनेवरून दिली जातात. त्यासाठी टायर बर्फावर चालवून पाहिलेला नसतो. चाचणी लागते ती तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण या चिन्हाला. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या टायर उद्योगाने ते आणलं. टायरची पकड दाबलेल्या बर्फावर एका ठरलेल्या प्रमाण टायरपेक्षा निदान १० टक्के जास्त असली पाहिजे, अशी मूळ अट. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि तिथला कायदा हेच चिन्ह बघतो. नुसती एम-एस अक्षरं तिथे चालत नाहीत, दंड २०० ते ३०० डॉलर होतो.

फरक रबरात आहे. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं आहे. रबर तसं एकदम गोठत नाही, पण पारा उतरतो तसं ताठर होत जातं. ताठर रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत बसत नाही, वरच्यावर घसरतं. विंटर टायरचं मिश्रण उणे २० मध्येही लवचीक राहावं असं केलेलं असतं. शिवाय त्याच्या रस्त्याला टेकणाऱ्या बाजूच्या प्रत्येक रबरी ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. त्या उघडतात, मिटतात, बर्फाला कडा लावतात. रुंद खाचांत बर्फ दाबून बसतो तो मुद्दामच, कारण बर्फाची सर्वांत चांगली पकड बर्फावरच होते. हातात गोळा वळून पाहा, लगेच कळेल.

दुकानात ७ अंशांचा आकडा सांगतात, त्याखाली पारा गेला की टायर बदला म्हणून. तो सोयीचा ठोकताळा आहे. ७ अंशांवर काही बटण दाबलं जात नाही, आणि थंड पण कोरड्या डांबरावर चांगला ऑल-सीझन विंटर टायरच्या तोडीस तोड थांबू शकतो, कधी लवकरही. हे मान्य केलंच पाहिजे. विंटर टायर घ्यायचे ते बर्फाच्या दिवसांसाठी, आणि ते दिवस आधी सांगून येत नाहीत.

"रस्ते लगेच साफ होतात"

‘लगेच’ म्हणजे किती? ४०१ सारख्या ४००-मालिकेतल्या महामार्गांसाठी ऑन्टारिओ प्रांताचं स्वतःचं मानक आहे: वादळ थांबल्यापासून ८ तासांत डांबर दिसलं पाहिजे. वादळ थांबल्यापासून, सुरू झाल्यापासून नव्हे. वादळ चालू असताना ऑफिस सुटतं तेव्हा तुम्ही त्याच रस्त्यावर असता. आणि ही सर्वांत वरच्या वर्गाच्या रस्त्यांची गोष्ट झाली. तुमच्या घराची गल्ली, मुलांच्या शाळेचा रस्ता, अपार्टमेंटच्या पार्किंगचा उतार यांचा नंबर बराच नंतर लागतो.

मिठालाही मर्यादा आहे. पारा उणे १२-१५ च्या खाली गेला की त्याचा जोर ओसरतो. मग वाळू टाकतात, ती बर्फ वितळवत नाही. उत्तरेला बॅरीकडे ४०० नंबरच्या महामार्गावर जॉर्जियन बे वरून येणारे बर्फाचे पट्टे मी पाहिले आहेत. स्वच्छ उन्हातून पाच मिनिटांत समोरची गाडी दिसेनाशी होते. त्या पट्ट्यात शिरताना बर्फ हटवणारी गाडी तुमच्या पुढे असेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

"एडब्ल्यूडी असेल तर गरज नाही"

या मुद्द्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण शिकलेसवरलेले लोकही इथे फसतात.

चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी बर्फातून सहज निघते, हे खरं. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, साध्या फ्रंट-व्हील हॅचबॅकलासुद्धा. त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत एडब्ल्यूडीला काहीही जास्त मिळत नाही. वळणावर तेच. गाडीला रस्त्यावर धरून ठेवतात ते टायरचे तळहाताएवढे चार ठसे, इंजिनाची ताकद कुठे जाते याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

उलट एडब्ल्यूडी एक सूचना दडवते. साध्या गाडीत सिग्नलला ॲक्सिलरेटर दाबला आणि चाक जागीच फिरलं की कळतं, आज रस्ता निसरडा आहे. एडब्ल्यूडी गुपचूप निघून जाते. चालकाला वाटतं रस्ता ठीक आहे, आणि वेग वाढतो. खरी परिस्थिती पहिल्या जोरदार ब्रेकला कळते.

हिशेब मांडून बघू. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गावर आणि टायर-रस्त्यातल्या घर्षणावर ठरतं. कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे पकड मोजणारा आकडा, ०.७ धरला, तर ब्रेक लागल्यापासून १४ मीटरमध्ये गाडी उभी राहते. आता दाबलेला बर्फ घ्या. एका गाडीच्या टायरला ०.३ मिळाला, दुसरीच्या टायरला ०.२. हे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत, बर्फ किती ओला, किती घट्ट, यावर ते बदलतात. पहिली गाडी ३३ मीटरवर थांबते, दुसरीला ४९ लागतात. फरक १६ मीटरचा, तीन-साडेतीन गाड्यांच्या लांबीएवढा.

पण अंतरापेक्षा मला वेग जास्त सांगावासा वाटतो. पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरीचा वेग अजून ताशी २९ किमी आहे. तिथे झेब्रा क्रॉसिंगवर माणूस असेल तर पहिल्या गाडीतला चालक फक्त घाबरेल. दुसऱ्या गाडीतल्या चालकाच्या हातून काय होईल ते लिहावंसं वाटत नाही.

ज्याच्या गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्थिरता-नियंत्रण (घसरणारी गाडी सरळ ठेवू पाहणारी यंत्रणा) आहे तोही हेच म्हणतो, "गाडी सांभाळून घेते." कॅनडात सप्टेंबर २०११ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या गाडीत स्थिरता-नियंत्रण सक्तीचं आहे, आणि ती फार चांगली गोष्ट आहे. पण या यंत्रणा टायरची आहे तेवढी पकड नीट वाटून वापरतात. नसलेली पकड त्या कुठून आणणार? एबीएसमुळे ब्रेक दाबलेला असतानाही स्टीअरिंग चालतं. बर्फावर अंतर कमी होईलच असं नाही, भुसभुशीत बर्फात ते वाढूही शकतं.

"फारतर पुढचे दोन बदला"

मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच. असं केलं की पुढची चाकं रस्ता धरतात आणि मागची धरत नाहीत. वळणावर किंवा उतारावर ब्रेक लावला की पुढचा भाग हळू होतो, मागचा सरळ पुढे यायला बघतो आणि गाडी स्वतःभोवती फिरते. आंबोलीच्या घाटात पहिल्या पावसात मोटरसायकलचं मागचं चाक सटकताना ज्याने अनुभवलं आहे त्याला ही भावना ओळखीची असेल. गाडीत ती सावरणं सराईतालाही जड जातं. चार ऑल-सीझनवरची गाडी एक वेळ परवडली. लावायचे तर चारही.

"हवा थोडी कमी ठेवा"

थंडीत ती आपोआपच कमी होते. गॅरेजमध्ये २० अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर उणे १५ मध्ये साधारण २७ वर येतो. त्यातून आणखी काढली तर टायरच्या कडा घासतात, खाचा मिटतात, स्टीअरिंग लोळतं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब टायर थंड असताना भरायचा, आणि हिवाळ्यात दर महिन्याला तपासायचा.

"दुकानदारांचा धंदा"

टायर विकून दुकानदार कमावतो, यात वाद नाही. रिमसकट चारांचा संच साध्या गाडीलाही हजार डॉलरच्या आसपास जातो, आणि नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला ही रक्कम किती मोठी वाटते ते मला माहीत आहे. पण सगळा हजार ‘जास्तीचा’ नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत विंटर टायर धावतात तेव्हा ऑल-सीझन घरात पडून असतात, झिजत नाहीत. दोन संच मिळून जवळपास दुप्पट वर्षं जातात. जास्तीचा खर्च म्हणजे रिम आणि वर्षातून दोनदा चाकं बदलण्याची मजुरी. त्यातही १ जानेवारी २०१६ पासून ऑन्टारिओतल्या प्रत्येक वाहन विमा कंपनीला विंटर टायरवर सवलत देणं बंधनकारक आहे. किती, ते कंपनीगणिक बदलतं, आणि मागितल्याशिवाय बरेचदा मिळत नाही. फोन करून मागा.

मेसेजचं एक म्हणणं मात्र मी पूर्ण खोडत नाही: प्रत्येकाला वेगळा संच लागतोच असं नाही. पश्चिम किनाऱ्यावर, सौम्य हिवाळ्याच्या व्हिक्टोरियात राहणारा, किंवा बर्फ पडला की गाडी न काढता ट्रेनने जाऊ शकणारा, त्याच्यासाठी ऑल-वेदर टायर आहेत. नाव ऑल-सीझनसारखंच, टायर वेगळा. त्यावर डोंगर-हिमकणाचं चिन्ह असतं आणि तो वर्षभर ठेवता येतो. चिन्हाच्या चाचणीत काचेसारख्या बर्फावर ब्रेक मारून पाहिलेला नसतो, म्हणून सडबरी किंवा ऑटावासारख्या कडक हिवाळ्याच्या शहरात राहणाऱ्याला मी खरा विंटर टायरच सुचवेन.

"१० वर्षं काही झालं नाही"

माझा पहिला हिवाळा किचनरमधला. टायर ऑल-सीझन, जवळजवळ नवे, भरपूर खाचा. जानेवारीत रात्री गोठता पाऊस, म्हणजे रस्त्यावर पडताच बर्फ होणारा पाऊस, पडून गेला होता, तापमान शून्याच्या जवळ. बर्फ सर्वांत निसरडा तेव्हाच असतो, वर पाण्याचा पातळ थर असताना. आमच्या गल्लीचा उतार, खाली स्टॉपची पाटी. वेग जेमतेम २०. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस थरथरलं, आणि गाडी त्याच वेगाने, संथपणे, पाटी ओलांडून आडव्या रस्त्याच्या मध्यावर गेली. मागे चार वर्षांची मुलगी गाणं म्हणत होती. आडव्या रस्त्यावर तेव्हा कोणी नव्हतं.

त्या दिवसाचीही नोंद ‘काही झालं नाही’ अशीच होते. १० वर्षांचा दाखला देणाऱ्यांच्या हिशेबात असे किती दिवस आहेत, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. मी त्याच आठवड्यात टायर घेतले. तसा बर्फ त्यानंतरही अनेकदा लागला आणि विंटर टायरवरही गाडी घसरली आहे, पण थांबायची जागा आधीच संपली असं पुन्हा झालेलं नाही.

तेव्हा वॉटर्लूच्या त्या मुलाला: नवे परवडत नसतील तर वापरलेला संच घे, पण तीन गोष्टी स्वतः बघ. डोंगर-हिमकणाचं चिन्ह चारही टायरवर हवं. खाचांची खोली ४ मिमीच्या खाली असेल तर परत ठेव, कितीही स्वस्त असला तरी. आणि टायरच्या कडेवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे बघ. ३५१९ असेल तर तो २०१९ च्या ३५ व्या आठवड्यातला टायर आहे. रबर नुसतं ठेवूनही कडक होतं, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा टायर खाचा भरपूर असूनही घेऊ नकोस. टायर बसवायची वेळ आजच फोन करून ठरव, पहिला बर्फ पडला की दुकानांत रांगा लागतात. एप्रिलमध्ये ते उतरवायला विसरू नकोस, उन्हाळ्यात मऊ रबर भराभर झिजतं आणि गरम डांबरावर थांबायला जास्त अंतर घेतं. तोवर सकाळी गाडी काढलीस की गल्लीतच, मागे कोणी नाही हे बघून, एकदा हळूच ब्रेक दाबून रस्ता कसा आहे ते तपासत जा.