बाळ आहे म्हणून गोडच गायचं का?

सकाळपासून डोकं फिरलंय. लेकीच्या शाळेच्या ख्रिसमस कॉन्सर्टमधून बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचं 'धिस लिटल बेब' हे बाळ येशूवरचं गाणं काढलं, का तर काही पालकांना ते फार आक्रमक वाटलं! आणि इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर लगेच अंगठे, बरं झालं, सणासुदीला सैतान नि नरक कशाला.

अरे? पाळण्यातल्या बाळानं पूतनेचा जीव शोषला तर कीर्तनात माना डोलावता ना? या गाण्याचे शब्द ज्याचे, त्या रॉबर्ट साउथवेल या इंग्रज जेझुइट कवीनं तेच तर लिहिलंय. काही दिवसांचं पोर, थंडीनं कुडकुडतंय, आणि ते नुसतं आलं म्हणून अख्खा नरक कापतोय, त्याची शस्त्रं काय तर रडणं आणि डोळ्यांतलं पाणी. याच्याच पिढीतले फादर स्टीफन्स, तेही इंग्रज जेझुइट, म्हणजे त्या कॅथलिक संघाचे धर्मगुरू, गोव्यात आले म्हणून आपल्याला मराठी ओव्यांमधलं ख्रिस्तपुराण मिळालं. साउथवेल मात्र इंग्लंडला परतला, तिथे तेव्हा कॅथलिक धर्मगुरूंना बंदी, म्हणून लपूनछपून धर्मगुरूचं काम केलं, पकडला गेला, हाल हाल करून १५९५ मध्ये लंडनला टायबर्नच्या फाशीच्या जागी मारला. हा माणूस काय गुळगुळीत अंगाई लिहिणार होता?

आणि ब्रिटननं चाल लावली १९४२ मध्ये, भर युद्धात, अमेरिकेहून बोटीनं परत येताना, अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या फिरतायत आणि हा वाटेत कॅनडातल्या हॅलिफॅक्सला घेतलेलं कवितांचं पुस्तक उघडून बसलाय.

लेक दुसऱ्या आवाजात आहे. पहिलं कडवं सगळ्या एकत्र गातात, दुसऱ्यात दुसरा आवाज एका मात्रेनं मागून निघतो, तिसऱ्यात तिसराही घुसतो, नुसती पळापळ. घरी पहिला आवाज माझा. मी पोळ्या लाटत गायचं आणि तिनं मागून यायचं. तिसऱ्या ओळीला मी हमखास तिच्यात वाहून जाते, ती ओरडते, आई माझं नको गाऊ, तुझं गा!! शेवटच्या कडव्यात सगळे परत एकत्र येतात ना, तिथे पोहोचलो की आम्ही दोघी धापा टाकत हसत असतो. जेमतेम दीड मिनिटाचं गाणं आहे हो.

बरं, मान्य, शब्द जुने आहेत, मूळ साथ हार्पची, शाळेत हार्प नाही, पियानोवर भागवावं लागतं, आणि पाच वर्षांची पोरं घाबरतीलही एखादवेळेस. पण या बारा-तेरा वर्षांच्या मुली आहेत! मागून येऊन आपला आवाज न सोडणं ही पोरगी शिकली, पोळपाटाशेजारी उभी राहून शिकली, आता तिला सांगायचं की तू घुंगरू हलव आणि गोड हस?

तिनं मला नुसतं विचारलं, मग आता घरी पण नाही का गायचं. काय बोलणार.

शाळेला मेल लिहून ठेवलाय, रात्री पाठवतेय. नाव घालायचं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये या. बाकीच्यांनी कृपा करून सांताच्या टोपीचे स्टिकर पाठवू नका.