केवढ्याला पडलं?

माझं विमान टेबलावर असतं, त्याला पंखसुद्धा लावलेले नसतात, आणि घरी आलेला पाहुणा विचारतो, "केवढ्याला पडलं?" आपल्याकडे घेतलेली प्रत्येक वस्तू पडतेच. साडी पाच हजारांना पडते, फ्लॅट कोटीला पडतो. साडीवाल्यांना आणि फ्लॅटवाल्यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. माझं विमान पेट्रोलवर चालतं, रिमोटवर उडतं, सहा किलोचं आहे आणि हवेत कोलांट्या मारण्यासाठीच बनवलेलं आहे. त्याच्याबद्दल हे क्रियापद कुणी वापरलं की माझा हात आपोआप लाकडाला लागतो.

या प्रश्नाची माझ्याकडे तीन उत्तरं आहेत. घरी सांगायचं एक, ते अठरा हजार. इतर विमानवाल्यांना सांगायचं दुसरं, त्यात फुशारकी असते. तिसरं खरं, ते मी कुणालाच सांगत नाही. त्या पैशांत एक बरी स्कूटर आली असती, एवढंच इथे कबूल करतो.

विमान बाल्साच्या लाकडाचं. जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो आणि तो इतका हलका असतो की नख दाबलं तरी खळगा पडतो. एकदा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये विचारून पाहिलं. दुकानदारांनी माझ्या हातातली पट्टी घेतली, वाकवून पाहिली आणि परत दिली. "हे लाकूड नाही, लाकडाचा पापड आहे." हे पापड एका थेंबात चिकटवणारा पातळ गोंद मिळतो. तो लाकडापेक्षा कातडीला जास्त लवकर धरतो. एका रात्री माझी तर्जनी आणि डाव्या पंखाची सातवी फासळी एकजीव झाल्या. ॲसिटोनने सुटतं, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर हवा. आमच्या घरी तो नव्हता. साडेदहा वाजता, हाताला तीन फुटी पंख घेऊन, पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाने शेजारची बेल वाजवून नेलपॉलिश रिमूव्हर मागितला. शेजारच्या वहिनींनी दिला. सभ्य माणसं. काही विचारलं नाही, हेच जास्त लागलं.

सांगाड्यावर रंगीत प्लास्टिकची फिल्म इस्त्रीने बसवायची असते. ती तापली की आक्रसते आणि पंख ढोलकीसारखा ताणून बसतो. घरातल्या इस्त्रीवर मी लाल फिल्मचा पहिला हात मारला आणि दुसऱ्या दिवशी तीच इस्त्री माझ्या पांढऱ्या झब्ब्यावर फिरली. तेव्हापासून घरची इस्त्री विमानाची आणि घरचे कपडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचे, अशी वाटणी झाली आहे.

खरी मजा इंजिनाची. ३५ सीसी, टू स्ट्रोक, पुढे २० इंची प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा. ज्यांनी तरुणपणी बजाजची स्कूटर तिरकी करून मग किक मारली आहे, त्यांना हे शिकवावं लागत नाही. चोक ओढायचा, जाड चामड्याचा हातमोजा घालायचा आणि प्रॉप हाताने फटकावायचा. एकदा 'फट्' झालं की चोक सोडायचा आणि पुन्हा फटकावायचं. सुरू झालं तर हात लगेच मागे. नाही झालं तर, स्कूटरच्या वेळी करायचो तेच: प्लग काढायचा, फुंकायचा, लावायचा. त्या प्लगसाठी नाना पेठेत गेलो.

"गाडी कोणती?"

"विमान."

दुकानदारांनी मान वर केली नाही. "मॉडेल?"

"मॉडेलच आहे. मॉडेल विमान."

"स्प्लेंडरचा चालेल?"

चालत नाही. हा प्लग फार बारका असतो. शेवटी तो गवत कापायच्या मशीनच्या दुकानात चौकशी करताना सापडला, आणि कार्ब्युरेटरचं डायफ्रामचं किटही तिथेच. आमच्या इंजिनांचं आणि झाडं कापायच्या करवतींचं घराणं एकच. कार्ब्युरेटरमध्ये एक पातळ पडदा असतो, तोच पंपाचं काम करतो, म्हणून विमान उलटं झालं तरी इंजिन पीत राहतं. हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने मात्र हा पडदा लवकर कडक होतो, असा माझा अनुभव.

पण आधी ते पेट्रोल तर मिळायला हवं. पंपावर बाटली पुढे केली की तो माणूस असा पाहतो, जणू आपण वस्ती पेटवायला निघालोय. बाटलीत देत नाहीत. नियम योग्यच आहे, पण मग विमान पंपावर न्यायचं का? तोडगा असा निघाला की स्कूटरची टाकी फुल करायची आणि तिच्यातून नळीने काढायचं. रविवारी पहाटे पाच वाजता पार्किंगमध्ये, टॉर्च दातांत धरून मी ते करत होतो, आणि सोसायटीचे चेअरमन फिरायला निघाले.

"कोण आहे?"

तोंडात नळी असताना याचं उत्तर देता येत नाही. मी घाईने सोडली आणि घोटभर पेट्रोल गिळलं. स्कूटर माझीच आहे, हे त्यांना आरसी बुक दाखवून पटवावं लागलं. पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगला कॅमेरा बसवायचा ठराव आला आणि एकमताने मंजूर झाला. एकमतात माझंही मत होतं.

आता उडवायचं कुठे? ईशान्येला लोहगावचं हवाई दल, नैर्ऋत्येला खडकवासल्याची एनडीए, आणि मधल्या पुण्यात पतंग उडवायला गच्ची मिळत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचं, डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर हौसेने उडवायचं मॉडेल हा निराळा प्रकार मानला आहे. पण मैदान काही नियमांबरोबर मिळत नाही. म्हणून आम्ही दिवे घाट चढून सासवडच्या पलीकडे एका माळावर जातो. पंख सुटे होतात, तरी बाकीचं विमान गाडीत मागून पुढपर्यंत येतं आणि घाटाच्या प्रत्येक वळणाला त्याची शेपटी माझ्या कानाला लागते.

आता पुरंदर तालुक्यात विमान घेऊन जाणं ही साधी गोष्ट नाही. २०१६ पासून तिथे विमानतळ होणार असं ऐकतोय, आणि जमिनी द्यायला गावांचा विरोधही तेव्हापासूनचाच. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी मी पंख जोडत होतो, तर बांधावरून टोपीवाले एक बाबा आले आणि त्यांच्यामागे चौघंजण.

"मोजणीला आलाय का?"

"नाही हो बाबा. खेळातलं आहे."

"खेळातल्याला प्येट्रोल?"

हा प्रश्न घरीही विचारला गेला आहे. तिथेही मी असाच गप्प बसलो होतो.

विमान उडालं आणि मंडळी खूश झाली. या खेळातली एक गोम सांगतो: विमान दूर जात असतं तोवर त्याचं उजवं ते आपलं उजवं. ते तोंड फिरवून आपल्याकडे येऊ लागलं की सगळं उलट. पुण्यातल्या वन वेमध्ये शिरल्यावर होतं तसं, फक्त इथे हात दाखवून सॉरी म्हणता येत नाही. लूप झाला, रोल झाला, उलटं उडवून झालं. मग बाबांकडे पाहून मला जोर आला. मी नाक सरळ आकाशाकडे केलं आणि विमान हवेत उभं टांगलं. इंजिनाची ओढ वजनापेक्षा जास्त असते, म्हणून ते पंखांवर नाही, पंख्यावर लटकतं. त्रिशंकू!

"आरं, थांबलं की!" बाबा म्हणाले.

त्याच क्षणी इंजिनही थांबलं.

पेट्रोलच्या टाकीत एक लवचीक नळी असते, तिच्या टोकाला वजन. त्याला आम्ही क्लंक म्हणतो. पेट्रोल जिकडे जाईल तिकडे ते वजन जातं. आधीच्या रविवारी मी नाकावर उतरलो होतो, तेव्हा ती नळी पुढे दुमडली असणार. नाक वर केल्याबरोबर पेट्रोल मागे गेलं आणि क्लंक पुढेच बसून राहिला. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त शांतता कळली. मग शेपटीवर घसरणं, एक गिरकी, आणि सीताफळांच्या बागेतून आलेला आवाज.

बाबांनीच ते झाडातून काढून दिलं. डावा पंख गेला होता, नेमकी सातवी फासळी धरून. इंजिन शाबूत होतं.

"चला," मागचा एकजण म्हणाला, "पुरंदरला पयलं इमान उतरलं."

बाबा हसले नाहीत. मोडका पंख हातावर तोलून त्यांनी विचारलं, "केवढ्याला पडलं?"

मी इकडेतिकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच खरा आकडा सांगितला. बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग काही न बोलता बागेत गेले, डझनभर सीताफळं आणून विमानाच्या खोक्यात ठेवली. पैसे देऊ लागलो तर म्हणाले, "राहू द्या. लागतील तुमाला."

संध्याकाळी बायकोने खोकं उघडलं. पंखाकडे तिने पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि सोडून दिलं. एक सीताफळ दाबून बघत म्हणाली, "चांगली पिकतील हो. केवढ्याला पडली?"

"जरा महागच पडली," मी म्हणालो.