बँक बुडाल्यावर जाब कोणाला विचारायचा?

आमच्या घरात बोनस म्हणजे दिवाळी. आजोबा लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. बोनस हातात पडला की आजी जमिनीवर बसून नोटांचे ढीग लावायची. एक वाण्याच्या उधारीचा, एक गावच्या मनीऑर्डरचा, एक मुलांच्या कपड्यांचा. उरेल त्यातून रवा-साखर यायची. १९६५ च्या कायद्याने कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस मिळायचा, हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलं नाही, आजोबांच्या तोंडून कळलं. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरूनच ठिणगी पडली आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजोबा त्यानंतर कधी साच्यावर उभे राहिले नाहीत.

हे सगळं मला एडिनबरामध्ये, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आठवलं. तारीख होती ३० जानेवारी २०१२, सोमवार. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचे मुख्य अधिकारी स्टीफन हेस्टर यांनी आदल्या रात्री आपला बोनस नाकारला होता. रक्कम होती सुमारे ९ लाख ६३ हजार पौंड, तीही शेअर्सच्या रूपात. १२ लाख पौंडांचा पगार वेगळा. त्याच वर्षी आम्हा शिक्षकांचे पगार दोन वर्षांसाठी गोठवलेले होते. चहाचा कप हातात घेऊन एरवी हवेपाण्यावर बोलणारी माणसं त्या सकाळी मोठ्या आवाजात बोलत होती.

त्या रागाला कारण होतं. २००७ मध्ये या बँकेने दोन भागीदारांबरोबर डच एबीएन ॲम्रो बँक अवाच्या सवा किमतीला घेतली आणि पुढच्याच वर्षी रॉयल बँक स्वतःच कोसळली. २००८ चा तोटा २४ अब्ज पौंडांच्या वर होता, ब्रिटनच्या इतिहासात कुठल्याही कंपनीचा सगळ्यात मोठा. सरकारने ४५ अब्ज पौंड ओतून ती वाचवली. २०१२ मध्ये बँकेचे सुमारे ८२ टक्के शेअर्स जनतेच्या मालकीचे होते. आणि एडिनबरामध्ये ही बँक म्हणजे नुसती बँक नव्हती. कोणाची मुलगी तिथे कॅशियर, कोणाचा नवरा गोगारबर्नच्या मुख्यालयात. आमच्या शेजारच्या बाई आयुष्यभर तिच्या काउंटरवर बसून निवृत्त झाल्या. २००८ च्या वसंतात बँकेने आणखी भांडवल मागितलं, २०० पेन्सला एक शेअर, तेव्हा त्यांनी विश्वासाने घेतले. जानेवारी २००९ मध्ये तोच शेअर १०-१२ पेन्सवर आला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून काढून त्यांनी मला ती कागदपत्रं दाखवली होती. घड्या इतक्या नीट होत्या की मला आमच्या आजीच्या रेशनकार्डाची आठवण झाली.

त्या आठवड्यात मला प्रकर्षाने जाणवलं ते असं, की लोकांचा राग पक्षाच्या नेत्यापर्यंत पोचला आणि नेत्याला त्याचं काहीतरी करावं लागलं. विरोधी मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड यांनी जाहीर केलं की या बोनसवर संसदेत मतदान घ्यायला लावू. पंतप्रधान कॅमेरॉन यांची बाजू लंगडी होती. बोनस आदल्या वर्षीपेक्षा निम्म्याहून कमी आहे, एवढंच ते सांगत होते. सरकारी पक्षाच्या खासदारांनाही आपापल्या मतदारसंघात तोंड दाखवायचं होतं. मतदानाची वेळ येण्याआधीच हेस्टर यांनी माघार घेतली. दोन दिवसांनी, ३१ जानेवारीला, बँक बुडवणारे आधीचे मुख्य अधिकारी फ्रेड गुडविन यांची ‘सर’ ही पदवी काढून घेतली गेली.

त्या दिवशी मला अभिमान वाटला, खरं सांगते. वाटलं, लोकशाही म्हणजे ही. माझं मत पुढे बदललं, आणि ते का बदललं हेच मला सांगायचं आहे.

हेस्टर हे बँक बुडवणारे गृहस्थ नव्हते. बँक बुडाल्यावर, नोव्हेंबर २००८ मध्ये, त्यांना सावरायला आणलं होतं. गुडविन यांना ती पदवी २००४ मध्ये मिळाली, बँकिंगमधल्या सेवेसाठी, आणि तेव्हा सरकार मजूर पक्षाचंच होतं. बुडालेल्या बँकेतून बाहेर पडताना गुडविन यांना वर्षाला सात लाख पौंडांचं पेन्शन ठरलं होतं. लोक खवळले तेव्हा ते निम्म्यावर आलं. पण नियामक संस्थेने चौकशी करून डिसेंबर २०१० मध्ये कारवाई न करण्याचा निर्णय घेतला. फौजदारी खटला कोणावरच झाला नाही. म्हणजे राग एका माणसाच्या बोनसवर आणि दुसऱ्याच्या पदवीवर खर्च झाला, आणि पैसा जिथे गेला तिथेच राहिला.

नेत्यांचं म्हणाल तर टोनी ब्लेअर पंतप्रधानपद सोडल्यावर काही महिन्यांत जेपी मॉर्गनचे सल्लागार झाले. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न ब्लॅकरॉकचे सल्लागार झाले. बँका वाचवणारे अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग पुढे मॉर्गन स्टॅन्लीच्या संचालक मंडळावर गेले. हे बेकायदा नाही. पण आज बँकेच्या वरिष्ठांना जाब विचारणारा माणूस उद्या त्यांच्याच टेबलावर बसणार असेल, तर त्याच्या प्रश्नाची धार किती राहील, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

बोनसच्या मर्यादेचंही तसंच झालं. युरोपीय संघाने २०१४ पासून नियम केला, बोनस पगाराइतका, भागधारकांची परवानगी असेल तर फार तर दुप्पट. ऑस्बोर्न त्याविरुद्ध युरोपच्या न्यायालयात गेले आणि मग दावा मागे घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी आपल्या छोट्या अर्थसंकल्पात ती मर्यादा काढण्याची घोषणा केली तेव्हा मजूर पक्षाने रान उठवलं. त्या अर्थसंकल्पातलं जवळजवळ सगळं पुढच्या काही आठवड्यांत मागे घेतलं गेलं, हे मात्र राहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मर्यादा प्रत्यक्षात गेली. आणि जानेवारी २०२४ मध्ये मजूर पक्षाच्याच रेचल रीव्हज यांनी सांगून टाकलं की आम्ही सत्तेवर आलो तरी ती परत आणणार नाही.

मला स्वतःला ती मर्यादा फारशी कामाची वाटली नाही. बोनसला चाप लावला की बँका पगार आणि भत्ते वाढवतात, आणि दिलेला पगार परत घेता येत नाही. बँक ऑफ इंग्लंडचाही हाच आक्षेप होता. खरा उपाय दुसरा होता. बोनस लगेच हातात द्यायचा नाही, काही वर्षं अडकवून ठेवायचा, आणि मधल्या काळात दिलेली कर्जं बुडाली किंवा गैरव्यवहार उघड झाला तर तो कापायचा, दिलेला असेल तर वसूल करायचा. ब्रिटनने संकटानंतर असे कडक नियम केले होते. २०२५ च्या शरद ऋतूत नियामकाने वरिष्ठांचे बोनस अडकवून ठेवण्याचा काळ कमी करून चार वर्षांवर आणला. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारने त्या बँकेतले (आता तिचं नाव नॅटवेस्ट) उरलेसुरले शेअर्स विकले, जवळजवळ साडेदहा अब्ज पौंडांचा घाटा सोसून. तो घाटा आमच्या करातून गेला. स्टाफरूममध्ये यातल्या एकाही गोष्टीवर कोणी बोललं नाही. किती मिळाले यावर माणूस चटकन चिडतो. बुडाल्यावर परत कोण देणार, यावर चिडायला जरा बसून वाचावं लागतं, आणि ते वाचून लोकांसमोर मांडणं हे पक्षनेत्याचं काम होतं.

आता घरचं. माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आणि तिने फंडाचे नऊ लाख पुण्यातल्या एका सहकारी बँकेत ठेवले. बँकेवर निर्बंध आले. ठेव विम्याचे पाच लाख मिळाले, उरलेल्या चार लाखांसाठी ती अजून अवसायकाच्या, म्हणजे बुडालेल्या बँकेची देणी निस्तरणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात खेटे घालते. रांगेत उभं राहून तिचे गुडघे गेले. आपल्याकडे ठेवीदारांनी आंदोलनं केली नाहीत असं नाही. २०१९ मध्ये पीएमसी बँकेचे ठेवीदार रस्त्यावर उतरले होते, सुरुवातीला तर सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी होती. पण आपला राग ‘आमचे पैसे द्या’ इथे थांबतो. ते साहजिकही आहे, ज्याच्या औषधाचे पैसे अडकलेत तो आधी औषधच मागणार.

पुढचा प्रश्न विचारायला विरोधी पक्ष लागतो, आणि सहकारात आपली खरी अडचण तिथे आहे. २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने बरखास्त झालं, तेव्हा त्या मंडळावर जवळजवळ सगळ्या मोठ्या पक्षांची माणसं बसलेली होती. मिलिबँड हेस्टर यांच्यावर तुटून पडू शकले, कारण ते स्वतः त्या बँकेच्या मंडळावर नव्हते. आपल्याकडे जाब विचारणारा आणि जाब देणारा एकाच सतरंजीवर बसतात.

आपल्याकडे नियम नाहीत असं कोणी म्हणू नये. खासगी बँकांच्या अधिकाऱ्यांचा बोनस अडकवून ठेवायचे आणि वसूल करायचे नियम रिझर्व्ह बँकेने केलेले आहेत. २०१९ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या चौकशी अहवालानंतर आयसीआयसीआय बँकेने आपल्या माजी मुख्य अधिकारी चंदा कोचर यांचे २००९ ते २०१८ या काळातले बोनस परत घ्यायचा निर्णय केला. ब्रिटनने गुडविन यांच्या बाबतीत जे केलं त्याहून हे पाऊल मला जास्त मोलाचं वाटतं, आणि इथल्या मित्रांना मी ते अभिमानाने सांगते. हाच न्याय नागरी सहकारी बँकेच्या संचालकाला लागू करा, मंडळावर असताना त्याने आपल्या गोतावळ्याला दिलेल्या कर्जाचा हिशेब त्याच्या मालमत्तेतून वसूल करा, असं एखाद्या पक्षाच्या नेत्याने सभेत छातीठोकपणे म्हटलेलं मला ऐकायचं आहे.

गेल्या विधानसभा निवडणुकीत मावशीच्या सोसायटीत एक उमेदवार आला होता. मावशीने त्याला विचारलं, “संचालकांपैकी कोणाचं घर जप्त झालं का?” तो हात जोडून म्हणाला, “मावशी, ती केस कोर्टात आहे.” तिने त्या दिवसाची तारीख, त्याचं नाव आणि त्याचं उत्तर पासबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं आहे. त्या पानावर त्याच्या आधी आणखी तीन नावं आहेत.