बाळाचं नाव लिहिलंय, आयाचं नाही

पोस्ट लांब आहे. पण कित्येक महिने मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

विलायतेहून आगबोटीने हिंदुस्थानात येणाऱ्या तरुण मुलींच्या कादंबऱ्या मला फार आवडतात. इंग्रजीत त्यांचं एक वेगळं दालनच झालंय. मुखपृष्ठावर पाठमोरी मुलगी, डोक्यावर पांढरी हॅट, लांबवर बोट नाहीतर चहाचा मळा. गोष्टही साधारण ठरलेली. घरची परिस्थिती बेताची, म्हणून मुंबईच्या मावशीकडे पाठवणी, बोटीवर जमलेल्या दोन मैत्रिणी, उतरल्यावर उकाडा, नाचाच्या पार्ट्या, एक फसवा पुरुष आणि एक भला. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून वाचते. परवा वहिनी म्हणाली, "अगं, त्या गोऱ्या मडमांचं तुला एवढं काय गं?" तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. हे ते उत्तर समजा.

मला त्या मुली परक्या वाटतच नाहीत. मुंबई मुळात हुंड्यात गेलेलं बेट. १६६१ साली पोर्तुगालच्या कॅथरिनच्या लग्नात ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. त्यानंतर लगेच, १६७० च्या सुमाराला, कंपनीने आपल्या माणसांसाठी लग्नाच्या मुली बोटीत बसवून इकडे धाडल्या. प्रत्येकीला कपड्यांचा एक जोड आणि वर्षभराचा खर्च. तेवढ्यात लग्न जमवायचं. जिच्या वागण्याचा बोभाटा होईल तिला कोंडून पाव-पाण्यावर ठेवा आणि परतीच्या बोटीत बसवा, अशी तंबी होती. कुठल्या घरच्या असतील या पोरी? बोट बंदराला लागली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला आणि आफ्रिकेला वळसा घालून लागणारे चार-सहा महिने तीन-चार आठवड्यांवर आले. मग दर हिवाळ्याच्या तोंडावर मुलींच्या झुंडीच यायला लागल्या. त्यांना नाव पडलं 'फिशिंग फ्लीट', मासेमारीचा ताफा. ज्यांचं उन्हाळ्यापर्यंत जमलं नाही त्या परत जायच्या, त्यांना म्हणायचे 'रिटर्न्ड एम्प्टीज'. दुकानात रिकाम्या बाटल्या परत करतो ना, तशा. आयसीएसवाला नवरा मिळाला तर तो 'जिवंत असो की मेलेला, वर्षाला ३०० पौंडांचा', कारण मागे विधवेला पेन्शन. आपल्याकडे सरकारी नोकरीच्या स्थळाबद्दल बैठकीत जे बोललं जायचं, तेच हे. माझे स्वतःचे नऊ कार्यक्रम झाले लग्नाआधी. पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर यायचं, खाली बघून बसायचं, आणि मग पोस्टाने नकार यायचा. 'यंदा तरी हिला उजवा' हे वाक्य मी मामाच्या तोंडून ऐकलंय. म्हणून त्या रिकाम्या परतणाऱ्या मुलीचं प्रकरण आलं की मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसते.

पहिल्या महायुद्धानंतर तर इंग्लंडमधली कितीतरी घरं लग्नाच्या मुली घेऊन बसली होती. १९२१ च्या शिरगणतीत तिथे पुरुषांपेक्षा बायका १७ लाखांहून जास्त भरल्या. लग्न नाही तर दुसरं काय, याचं उत्तर फारच थोड्या घरांमध्ये होतं.

कितीजणी पालवा बंदरावर उतरल्या आणि काही दिवसांतच फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चमध्ये बोहल्यावर उभ्या राहिल्या. कुणाकुणाचं नवऱ्याशी त्याआधीचं बोलणं आठवडाभराचं. त्याच चर्चच्या भिंतींवर विशी-पंचविशीत गेलेल्या बायकांच्या स्मृतिशिला आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने इथली एक म्हण लिहून ठेवली आहे, की माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. हे मी नुसतं वाचून सोडून दिलं होतं. त्या भिंतीसमोर उभी राहिल्यावर पोटात कालवलं.

मग माझी तक्रार काय? त्या कादंबऱ्यांमध्ये मुलगी जिवंत असते आणि बाकी सगळा देश पडद्यावर रंगवलेला असतो. ती खिडकी उघडते, मसाल्यांचा वास येतो, कुठेतरी देऊळ असतं, घंटा वाजते. आपला माणूस एकतर राजा, नाहीतर क्रांतिकारक, नाहीतर जीव ओवाळून टाकणारा नोकर. आणि गोष्ट पुण्यात घडत असली तरी मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही! १८९७ चं पुणं घ्या. राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये समारंभ होता. तिथून परतताना रँडवर गोळी चालली. ती का चालली, प्लेगच्या तपासणीत सोजिरांनी घराघरांत शिरून काय केलं, हे त्या दिवाणखान्यातल्या मुलीला माहीत नसेलही. लेखकाला माहीत असायला हवं. तिचं ते न कळणंसुद्धा कादंबरीत दिसायला हवं.

आणि खऱ्या गोष्टी किती आहेत! एलायझा ड्रेपर घ्या. जन्म १७४४, केरळच्या किनाऱ्यावर अंजेंगोच्या वखारीत. लहानपणी शिकायला इंग्लंडला धाडली, १७५७ च्या अखेरीस मुंबईला परत आणली आणि पुढच्याच वर्षी, चौदाव्या वर्षी, कंपनीतल्या डॅनियल ड्रेपरशी लावून दिली. तो सुमारे वीस वर्षांनी मोठा. चौदा आणि चौतीस! आपल्या बालविवाहांवर पुढे एवढं बोलणाऱ्या साहेबांच्या घरातली ही गोष्ट. नंतर ती इंग्लंडला गेली असताना लॉरेन्स स्टर्नसारखा नामांकित लेखक तिच्यात गुंतला आणि १७६७ मध्ये तिच्यासाठी रोजनिशी लिहीत बसला. ती मात्र नवऱ्याकडे मुंबईला परतली. तिथे दुःखातच राहिली, आणि जानेवारी १७७३ मध्ये एका रात्री माझगावच्या बंगल्यातून निघून एका आरमारी अधिकाऱ्याच्या जहाजावर गेली. खिडकीतून दोराच्या शिडीने उतरली असं सांगतात. ब्रिस्टलला वारली तेव्हा अवघी ३४ वर्षांची होती.

त्याच १७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. मागे राहिलेली गंगाबाई पोटुशी होती. तिला पुरंदरावर नेऊन जपलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये सवाई माधवराव जन्मला. मुंबईकर इंग्रज लवकरच राघोबादादांच्या बाजूने त्या भांडणात उतरले. म्हणजे एकाच वर्षात माझगावातून एक पळते आणि शनिवारवाड्यात दुसरी विधवा होते, आणि दोघींच्या आयुष्याचा निकाल लावणारे पुरुष एकमेकांशी तहाची बोलणी करतात. ही कादंबरी मराठीत का नाही? पेशवाईवर आपण कपाटं भरून लिहिलंय. त्यात माझगावची ती खिडकी कुणी उघडलेली मला तरी आढळली नाही.

दुसरी, एडिथ पीची. हिला नवरा शोधायचा नव्हता, काम हवं होतं. एडिंबराला डॉक्टरकी शिकायला लढलेल्या सातजणींपैकी ही एक. रसायनशास्त्रात पहिली आली तरी बाई म्हणून शिष्यवृत्ती नाकारली. १८८३ मध्ये ती मुंबईला आली, नव्या कामा हॉस्पिटलचं काम हातात घ्यायला. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन उलट दिशेने इंग्लंडला निघाल्या. पीचीच्या डोळ्यांसमोरच रखमाबाईंचा खटला चालला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचं नाकारलं. मार्च १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. पीची त्यांच्या पाठीशी उभी राहिली, आणि १८८९ मध्ये रखमाबाई डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या. बोटी दोन्ही दिशांनी जात होत्या. आपण वाचतो ती गोष्ट मात्र एकाच दिशेची.

आता घरातलं सांगते. माझी पणजी, सगुणा, खडकीच्या छावणीत एका साहेबाच्या बंगल्यावर आया होती. आमच्याकडे तिचा एकच फोटो आहे. व्हरांड्यातली वेताची खुर्ची, तिच्या मांडीवर झालरीच्या टोपडय़ातलं गोरं बाळ, तिच्या नऊवारीचा काठ बाळाच्या मुठीत घट्ट धरलेला. मागे शाईने बाळाचं पूर्ण नाव, वय ८ महिने, १९२६, आणि पुढे फक्त 'विथ आया'. फोटो मडमेनेच दिलेला, म्हणजे तिला काहीतरी माया असणार. माझे आजोबा तेव्हा वर्षाचेही नव्हते. ते दापोडीला त्यांच्या आजीजवळ असायचे आणि सगुणा पंधरा दिवसांनी एकदा घरी यायची. आजोबा सांगायचे की ते तिच्याकडे जायचे नाहीत, रडायचे.

बाळ सहा-सात वर्षांचं झालं आणि रीतीप्रमाणे शिक्षणासाठी विलायतेला गेलं. त्या दिवशी मडम दार लावून बसली, एवढं आमच्या घरात ऐकत आलोय. सगुणाने काय केलं ते कुणी सांगितलेलं नाही. काही आया तर मुलांबरोबर बोटीने लंडनपर्यंत जायच्या, आणि तिथे काम संपलं म्हणून वाऱ्यावर सोडलेल्यांसाठी एक आयाज होम होतं, १९०० पासून हॅकनीमध्ये. २०२२ मध्ये त्या इमारतीवर निळी पाटी लागली. ती बातमी वाचून मी त्या रात्री फोटो पुन्हा काढला.

मला वाचायची आहे ती कादंबरी या व्हरांड्यातली. त्यात मडमेला खलनायिका करू नका. नवरा शोधायला धाडलेली, पोर दूर पाठवावं लागलेली ती बाई मला कळते. पण तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला नाव, गाव आणि बोली द्या.

खडकी, लष्कर, देवळाली, महाबळेश्वर, माथेरान, कुलाबा. या भागांत तुमच्या घरातलं कुणी बंगल्यावर कामाला होतं का? आया, माळी, खानसामा, धोबी, कुणीही. असेल तर खाली त्यांचं नाव लिहा. त्या काय सांगायच्या, बंगल्यावर त्यांना काय म्हणून हाक मारायचे, घरी काय घेऊन यायच्या, आठवेल तेवढं. सगुणा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणायची. तो अजून आहे, त्यात मोहरी ठेवते मी.