शून्य टक्क्यांचा कागद

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या एका हॉटेलात परदेशी वकिलातीची माणसं येऊन गेली. देशाचं नाव लिहीत नाही. माणसं सालस होती, आणि माझं गाऱ्हाणं त्यांच्या एकट्याबद्दल नाहीच. विषय होता मुक्त व्यापार करार आणि आपल्या भागातल्या उद्योजकांना संधी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी, हुपरी असे सगळीकडून मिळून साठेक जण जमलो होतो. निम्म्यांनी लग्नकार्यातला कोट चढवलेला, त्यात मीही. पडद्यावर एकामागून एक स्लाइड सरकत होत्या आणि त्यातला एक शब्द एवढा मोठा होता की शेवटच्या रांगेतूनही दिसावा: शून्य. तुमच्या मालावर आमच्याकडे शून्य टक्के शुल्क. टाळ्या झाल्या.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा एक फाउंड्रीवाले काका उठले. म्हणाले, "साहेब, शून्य झालं ते ब्येस झालं. पन माजा माल तिकडं घेनार कोन, त्याचं नाव सांगा की." भाषांतर करणाऱ्या मुलीनं ते इंग्रजीत सांगितलं, साहेब हसले, काकांना आपलं कार्ड दिलं आणि चहा-सँडविच जाहीर झालं. सँडविच गार होतं.

हा शून्याचा प्रकार मला माझ्या दाजींमुळे कळला. दाजी हुपरीचे, चांदीचे पैंजण करतात. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातला करार 1 मे 2022 पासून लागू झाला आणि दागिन्यांवरचं तिथलं 5 टक्के शुल्क शून्यावर आलं. हे दाजींनी पेपरात वाचलं, कात्रण कापून ठेवलं. पुढं दुबईचा एक व्यापारी मिळाला, अकरा लाखांचा माल गेला. महिन्याभरानं तिकडून डेबिट नोट आली, पंचावन्न हजारांची. त्या व्यापाऱ्यानं 5 टक्के शुल्क भरलं होतं आणि ते दाजींच्या बिलातून कापून घेतलं होतं. दाजी रात्री फोनवर मला म्हणाले, "अरे, शून्य हाय म्हनत हुते न्हवं?"

शून्य होतंच. पण ते आपोआप मिळत नाही, मागावं लागतं. करार आहे म्हणून तिकडचा कस्टमवाला आपला माल ओळखून सोडत नाही. आयात करणाऱ्यानं तिथं सवलतीचा दावा करायचा आणि त्यासाठी आपण इकडून मूळ देशाचं प्रमाणपत्र, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, पाठवायचं. आता गंमत अशी की हे प्रमाणपत्र दोन जातींचं असतं. एक साधं, चेंबरकडून शिक्का मारून मिळणारं. त्यात फक्त "माल भारतातला आहे" एवढंच. दुसरं सवलतीचं, ज्याला सगळे 'प्रेफरेन्शियल' म्हणतात. ते त्या-त्या कराराच्या नमुन्यात, बहुतेक वेळा सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवरून काढावं लागतं. दाजींनी पाठवलं होतं पहिलं. शिक्का गोल, सही झोकदार, उपयोग शून्य. (बघा, शून्य मिळालंच.)

दुसऱ्या जातीच्या कागदासाठी माल इथला कसा, हे दाखवावं लागतं. चांदीची वीट तर परदेशातूनही आलेली असते. मग तिच्यावर इथं किती काम झालं, मूल्य किती वाढलं, कस्टमच्या वर्गवारीत ती वस्तू बदलली का, हे नियमात बसवायचं. हिशेब अवघड नाही, पण वीट कुठून घेतली त्याचं बिल हवं. आमच्या भागातला निम्मा धंदा तोंडी आणि वहीच्या शेवटच्या पानावर चालतो. मजुरीवर जगणाऱ्या धंद्यात 5 टक्के म्हणजे अख्खा नफा, आणि तो गेला एका कागदापायी.

हॉटेलातल्या चाळीसेक स्लाइडींमध्ये यावर एकही नव्हती. असायला हवी होती असं मी तिथंच म्हणालो, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, ते आपल्या सीएचएचं, म्हणजे माल कस्टममधून सोडवणाऱ्या एजंटाचं काम. खरं आहे. पण सीएचए माल निघताना भेटतो, आणि बिलं तर त्याच्या चार महिने आधीपासून जपावी लागतात.

आता चपलेचं बघा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं तसल्याच चपला दाखवल्या आणि आपण सगळ्यांनी फेसबुकवर लढाई केली. त्यानंतर महिन्याभरानं, 24 जुलैला, ब्रिटनबरोबरच्या करारावर सही झाली. त्यात चामड्याच्या वस्तू आणि पादत्राणांवरचं 16 टक्क्यांपर्यंतचं शुल्क शून्यावर आणायचं ठरलं. लढाईला जेवढी माणसं होती त्यातली किती जणांनी ही बातमी वाचली?

जगभरातलं कस्टम मालाला आकड्यानं ओळखतं. त्या आकड्यांच्या पुस्तकात 6403.20 असा एक रकाना आहे. वर्णन काय, तर तळ चामड्याचा, आणि वर पावलावरून व अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे. वाचताना मला हसू आलं. ही तर आपलीच चप्पल! आणखी एक. युरोपात चामड्याच्या वस्तूत घातक क्रोमियम, म्हणजे क्रोमियम सहा, किलोला 3 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, 2015 पासून. क्रोमनं कमावलेल्या चामड्याला ही धास्ती असते. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं. म्हणजे परीक्षेत आपण पास होऊनच बसलोय, फक्त प्रयोगशाळेचा दाखला जोडायचाय. कोल्हापुरातल्या सुभाषनगरच्या चप्पल कारागिराला हे कोण सांगणार?

शून्याचं आणखी एक रूप आहे, ते जरा सावधपणे बघायचं. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिक्टेन्स्टाइन या चार देशांबरोबरचा करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच पेढे. पण स्वित्झर्लंडनं 1 जानेवारी 2024 पासूनच औद्योगिक मालावरचं शुल्क काढून टाकलंय, आणि तेही सगळ्या जगासाठी. आपल्या कास्टिंगला, म्हणजे फाउंड्रीतल्या ओतीव मालाला तिथं शून्य, तसं चीनच्याही कास्टिंगला शून्य. मग आपल्याला जास्तीचं काय मिळालं? त्या कराराचा खरा गाभा गुंतवणुकीत आहे. 15 वर्षांत 100 अब्ज डॉलर भारतात आणण्याची जबाबदारी त्यांनी घेतली आहे. म्हणून शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यानं विचारायचं ते हे की त्यांची कुठली कंपनी चाकणच्या किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत येतेय आणि तिला सुटे भाग कोण देणार. असा प्रश्न विचारला की समोरचा साहेब कार्ड देऊन मोकळा होत नाही, त्याला वही काढावी लागते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. परक्या वकिलातीचं काम त्यांच्या देशाचा माल खपवणं हेच. त्यांनी आपल्याला यंत्रं दाखवली, वाइन दाखवली, त्यात वावगं काय? 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावल्यापासून आपणही नव्या दारांकडे बघायला लागलोय, हे त्यांना दिसतं. आपला माल खपवायचं काम आपल्या वकिलातींचं. पंतप्रधानांनी 6 ऑगस्ट 2021 ला भारताच्या राजदूतांशी आणि निर्यातदारांशी बोलताना हेच सांगितलं होतं. 2024 मध्ये त्यासाठी ट्रेड कनेक्ट नावाचं पोर्टलही निघालं, ज्यावर निर्यातदार परदेशातल्या आपल्या वकिलातींपर्यंत पोचू शकतो. हुपरीत मी पाच जणांना विचारलं, एकानं नाव ऐकलं होतं. यात पोर्टलपेक्षा आमचाच दोष जास्त. आम्ही हॉटेलात कोट घालून जातो, पण घरात मोबाइल हातात असताना त्या पोर्टलवर जात नाही.

तरी वकिलातवाल्यांना, आपल्याही आणि त्यांच्याही, एक सुचवावंसं वाटतं. हॉल घेऊ नका. एक दिवस शॉपफ्लोअरवर, जिथं माल बनतो तिथं या. तुमच्या देशातले दोनच खरेदीदार घेऊन या, साठ कार्डं नकोत. एखाद्या कारागिराचं खरं बिल टेबलावर ठेवा आणि त्याच्यासमोर सवलतीचं प्रमाणपत्र शेवटपर्यंत भरून दाखवा. कुठं अडतंय ते अर्ध्या तासात कळेल, तुम्हालाही आणि आम्हालाही.

दाजींनी दुसऱ्या खेपेला बरोबर कागद पाठवला. डेबिट नोट आली नाही. आता विटेच्या बिलांची फाइल ताईनं देवघराशेजारी ठेवलीय, कुणाला हात लावू देत नाही.

ज्यांना आयात-निर्यातीचा कोड काढायचाय किंवा हा कागद एकदा भरून बघायचाय, त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहाला दाजींच्या घरी या, पत्ता इनबॉक्समध्ये देतो. चांदीवालेच पाहिजेत असं नाही. येताना आपल्या मालाचं एक बिल आणि लॅपटॉप असेल तर लॅपटॉप आणा. सँडविच नाहीत. मिसळ आहे, कट हवा तेवढा.