चिल्टनबाई, कंपनी आणि आपली कपाशी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही काढून बसले. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेत आणि अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-डेल चिल्टन यांच्यावरच्या माझ्या लेखावर त्यांचे तीन आक्षेप आहेत. ‘जनुक बदललेलं पहिलं रोप चिल्टन यांनी तयार केलं’ हे वाक्य चूक आहे, हा पहिला. सरकारी पैशातून झालेलं संशोधन घेऊन बाई 1983 मध्ये सिबा-गायगी या स्विस कंपनीत गेल्या आणि मी त्याला ‘करिअर’ म्हणून ओवाळलं, हा दुसरा. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, हा तिसरा.

पहिला मान्य. जानेवारी 1983 मध्ये मायामीच्या एकाच परिषदेत तीन गट उभे राहिले: सेंट लुइसहून चिल्टन, कोलोन-गेंटहून जेफ शेल आणि मार्क व्हान मॉन्टागू यांचा गट, आणि मॉन्सँटो या अमेरिकी कंपनीचे लोक. तंबाखूचं पूर्ण रोप आणि त्याच्या पुढच्या पिढीतही गेलेला टी-डीएनए (जिवाणू वनस्पतीच्या पेशीत सोडतो तो डीएनएचा तुकडा), असा निबंध चिल्टन यांच्या गटाने त्याच वर्षी छापला, त्यावरून मी ‘पहिलं’ लिहून टाकलं. पण त्यांच्या रोपातला यीस्टचा जनुक मुका होता. बाकी दोघांच्या पेशींमध्ये परका जनुक काम करत होता. ‘पहिली’ हा शब्द लिहायला फार गोड लागतो, तसंच झालं. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र भांडणार आहे.

बाई विद्यापीठातून काय घेऊन गेल्या, ते आधी बघू. गुलाबाच्या किंवा द्राक्षाच्या खोडाला जमिनीलगत कधी खडबडीत गाठ येते. ती ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूमुळे येते हे 1907 पासून माहीत होतं. कोडं पुढेच होतं. जिवाणू मारून टाकला तरी गाठ वाढतच राहते. म्हणजे जिवाणू जाताना मागे काहीतरी ठेवून जातो. ते त्याचं डीएनए असेल का? चिल्टन तेव्हा सिअ‍ॅटलला यूजीन नेस्टर आणि मिल्टन गॉर्डन यांच्यासोबत होत्या. (वॉशिंग्टन नावाची विद्यापीठं दोन, एक सिअ‍ॅटलला, एक सेंट लुइसला. माझाही सुरुवातीला घोळ झाला होता.) 1974 मध्ये या मंडळींनी चक्क ‘गाठीत जिवाणूचं डीएनए सापडत नाही’ असा निबंध छापला.

मग 1977 मध्ये त्यांनीच ते शोधून दाखवलं. कसं, ते सांगायचा मोह आवरत नाही. डीएनए तापवलं की त्याचे दोन धागे सुटे होतात, निववलं की आपापला जोडीदार शोधून पुन्हा जुळतात. जिवाणूतल्या प्लाझ्मिडचं (मुख्य गुणसूत्राहून वेगळ्या, सुट्या डीएनएच्या कड्याचं) खूण केलेलं डीएनए घ्यायचं, त्यात गाठीचं डीएनए मिसळायचं आणि जुळण्याचा वेग मोजायचा. तोच तुकडा गाठीत असेल तर जोडीदार वाढतात आणि जुळणी लवकर होते. पण प्लाझ्मिड अवाढव्य आणि गाठीत गेलेला तुकडा एवढासा. अख्खं प्लाझ्मिड एकदम घेतलं की पोतंभर गव्हात मूठभर ज्वारी, वजनात फरक कळायचा कसा? म्हणून त्यांनी प्लाझ्मिड विकराने कापलं, तुकडे आकाराप्रमाणे वेगळे केले आणि सुटे सुटे तपासले. एका तुकड्याचा वेग वाढला. आपलाच ‘नाही’ तीन वर्षांनी खोडून काढायचा, तोही अशा हमालीने! हे काम कंपनीने करून घेतलं नसतं, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

पण त्या कामाला पेटंटचं कुंपण कंपनीत गेल्यावर पडलं, हे पटत नाही. अमेरिकेत 1980 मध्ये दोन गोष्टी झाल्या. चक्रवर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जिवंत जिवाणूवर पेटंट मान्य केलं, आणि सरकारी पैशाच्या संशोधनाचं पेटंट विद्यापीठांना आपल्या नावावर घेऊ देणारा बाय-डोल कायदा आला. चिल्टन यांच्या रोपांवरचा पेटंट अर्ज जानेवारी 1983 मधला आहे आणि तो सेंट लुइसच्या विद्यापीठाचा आहे. जर्मनीतली मॅक्स प्लांक ही संशोधन संस्था आणि मॉन्सँटो याच तंत्राच्या हक्कांवरून बारा वर्षं झगडले, 2005 मध्ये त्यांनी आपसात मिटवलं. म्हणजे विद्यापीठाच्या आवारातच खांब रोवून तारा ओढून झाल्या होत्या. बाई फक्त फाटक उघडून पलीकडे गेल्या.

आणि तिकडे जाऊन काय केलं? नॉर्थ कॅरोलिनात कंपनीचा जैवतंत्रज्ञान विभाग उभा केला. गंमत अशी की कंपनीचा पहिला बीटी मका (बीटी म्हणजे अळी मारणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूचा जनुक घातलेला) त्यांच्या लाडक्या जिवाणूने झालाच नाही, डीएनए माखलेले कण पेशीत मारणाऱ्या जीन गनने झाला. मका ॲग्रोबॅक्टेरियमला तेव्हा दाद देत नव्हता. टी-डीएनए वनस्पतीच्या गुणसूत्रात कुठेही जाऊन बसतं, त्याला नेमका पत्ता कसा द्यायचा, हा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. त्यावरचा त्यांचा निबंध 2003 चा आहे. तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या, आणि पगार कंपनीच देत होती.

इथे माझा स्वार्थ उघड करते. मीही ‘तिकडे गेलेली’ आहे. एका महाविद्यालयात चार वर्षं तासिका तत्त्वावर वनस्पतीशास्त्र शिकवलं. ऑटोक्लेव्हची, म्हणजे निर्जंतुक करायच्या यंत्राची चावी कपाटात आणि कपाटाची चावी रजेवर. टिश्यू कल्चरचं प्रात्यक्षिक फळ्यावर चित्र काढून व्हायचं. मग केळीची रोपं करणाऱ्या कंपनीत लागले. घरचे म्हणाले, प्राध्यापकीण व्हायची ती बाटल्या धुवायला गेली. पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी स्पिरिटमध्ये बुडवलेली सुरी ज्योतीवर धरली, जी-नाइन या केळीच्या वाणाचा कोंब चार घावांत वेगळा केला आणि बाटली उजेडाकडे धरून मला तळाशी पांढरा दोरा दाखवला. “फेका. नाहीतर अख्ख्या रॅकला लागेल.” बुरशी ओळखायला मी त्या मावशींकडून शिकले. मावशी दहावी नापास होत्या. त्यामुळे ‘खरा शास्त्रज्ञ विद्यापीठातच राहतो’ हे तुमचं वाक्य मला जरा झोंबलं, कबूल करते.

आता कपाशी. तुम्ही बरोबर बोट ठेवलंत, मी टाळलं होतं. माझा मामा परभणी जिल्ह्यात कपाशी लावतो आणि 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने त्याची बोंडं आतून पोखरलेली मी पाहिली आहेत. वरून हिरवंगार, फोडलं की किडकी सरकी. बीटीचा जनुक कपाशीत शिरला तो याच जिवाणूच्या पाठीवर बसून, हे खरं आहे. तो अमेरिकेतल्या कोकर वाणात घातला गेला आणि जालन्याच्या महिकोने तिथून आपल्याकडच्या कपाशीत आणला. मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली.

पण मामाचं नुकसान ज्या निर्णयांनी झालं ते पेशीतले नव्हेत. बीटी आपल्याकडे विकलं गेलं ते संकरित वाणांतून, म्हणजे दरवर्षी नवं पाकीट. चीन-अमेरिकेत सरळ वाणातही, म्हणजे ज्याचं बी घरी राखता येतं अशा वाणातही, ते चालतं. आपले संकरित वाण लांब मुदतीचे, त्यात पैशाच्या ओढीने फरदड घ्यायची (वेचणी झाल्यावरही पीक शेतात ठेवून पुन्हा बोंडं घ्यायची), म्हणजे कपाशीवरच जगणाऱ्या अळीला उन्हाळ्यापर्यंत पंगत. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची 120 ग्रॅमची पुडी यायची, कडेला लावायला, म्हणजे अळी बीटीला लवकर सरावू नये. ती का लावायची हे मामाला कोणी सांगितलं नाही. दुकानदार म्हणाला, ‘ते फुकटचं आहे.’

सरकारी संस्थेत राहिल्याने हे टळलं असतं का? नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण आणलं होतं. 2009 मध्ये ते शेतात गेलं आणि थांबवावं लागलं, कारण त्यात मॉन्सँटोचाच जनुक निघाला. शेतकऱ्याला घरचं बी राखता आलं असतं अशी ती एक संधी होती, ती गेली. याचा मला चिल्टन यांच्या नोकरीबदलापेक्षा कितीतरी जास्त संताप येतो, आणि तो लेखात यायला हवा होता.

शेवटी तुम्ही विचारलंय, गेंटच्या व्हान मॉन्टागूंवर का नाही लिहिलं. लिहीन. त्यांनी विद्यापीठ सोडलं नाही आणि 1982 मध्ये प्लँट जेनेटिक सिस्टिम्स ही कंपनीही काढली. अळीला पुरून उरणारा बीटी तंबाखू त्याच कंपनीने 1987 मध्ये दाखवला. तुमच्या दोन खान्यांपैकी ते कुठल्या खान्यात बसतात, तेवढं आधी कळवा.

आणि सर, फरदडीवर तुमच्या विभागाने काढलेली जुनी पत्रकं जपून ठेवली असतील तर त्यांचे फोटो पाठवाल का? मामाला दाखवायची आहेत. यंदाही तो ‘फेब्रुवारीपर्यंत राहू दे’ म्हणतोय.